कूलंट की कोकम?

फोंडा घाट चढताना बाईकच्या मीटरवर तो लाल थर्मामीटर पेटला आणि इंजिनाआधी मलाच घाम फुटला. बाजूला घेऊन बघतो तर फॅन घूं घूं करतोय आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, छोटी टाकी खालच्या रेघेच्याही खाली. तेवढ्यात एक टेम्पोवाला थांबला, म्हणाला "टोपण उघड, वाफ जाऊ दे!" आता गरम रेडिएटरचं टोपण काढणं म्हणजे शिट्टीला आलेल्या कुकरचं झाकण ओढणं, आतलं सगळं तोंडावर. तासभर कठड्यावर बसून राहिलो, गार झाल्यावर प्यायच्या बाटलीतलं पाणी घातलं आणि हळूहळू घरी आलो.

घरी भाऊकाका हजर. "माझी राजदूत तीस वर्सां चलयलंय, तिका कधी असला काय घालूक नाय!" अहो काका, तिला रेडिएटरच नव्हता, ती वाऱ्यावर थंड व्हायची, पण हे सांगणार कोण? मग म्हणाले बावीचा पाणी घाल. आमच्या विहिरीचं पाणी खाडीमुळे मचूळ, त्यात डाळ शिजत नाही, तापवायच्या पातेल्याला पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला की झालंच.

तालुक्याच्या दुकानात कूलंट हिरवं, निळं, गुलाबी, आणि दुकानदार साड्या दाखवल्यासारखं "कुठला कलर देऊ?" रंगावरून काही कळत नाही, कंपन्या वाटेल तो रंग घालतात. मी मॅन्युअल काढून बसलो: इथिलीन ग्लायकॉल, अ‍ॅल्युमिनियमला चालणारं, सिलिकेट नसलेलं (सिलिकेट वॉटर पंपाचं सील खातं म्हणे). बाटलीवर मोठ्ठ्या अक्षरात, उणे तापमानातही गोठत नाही! आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत आई पहाटे स्वेटर घालून तुळशीला पाणी घालते तेवढीच. पण ते गंज धरू देत नाही आणि उकळायलाही उशीर लावतं, म्हणून घ्यायचं. कॉन्सन्ट्रेटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळत बसण्यापेक्षा निम्मं-निम्मं तयार मिळतं तेच घेतलं, एक लिटर, गुलाबी. गॅरेजमध्ये जुनं सगळं काढून नवीन भरलं आणि अर्धं उरलं.

इथे मी माती खाल्ली. डब्याचं टोपण गळत होतं म्हणून उरलेलं कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि पडवीतल्या फळीवर ठेवलं. हे विष आहे, वर चवीला गोड, कुत्रामांजर चाटून मरतं, माणूसही जाऊ शकतो, हे सगळं मला माहीत होतं हो, पण फळी हाताशी होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता काका उन्हातून आले. मी आंघोळ करून बाहेर येतो तर आई ग्लासात जिरेपूड ढवळतेय, चष्मा देवघरात, आणि म्हणतेय, "या खेपेक सरबत पातळ झालाहा, म्हणून पाणी कमीच घातलंय." ग्लास काकांच्या ओठांपासून चार बोटांवर होता. मी टॉवेलवरच धावलो, ग्लास हिसकावला, अर्धं काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर. त्याच पावली त्यांना लेंगा सोडून मोरीवर हात धुवायला पाठवलं. बाटलीतलं जपून दुसऱ्या घट्ट डब्यात भरलं, वर मार्करने "विष" लिहिलं, कवटी काढली ती फणसासारखी दिसते, आणि डबा माळ्यावर कुलपात. तो ग्लास फेकला, आईचा जीव ग्लासातच अडकलेला, सहाच्या सेटमधला होता.

काकांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि संध्याकाळी पारावर जाऊन सांगितलं की पावण्याच्या तोंडचो गिलास काढून घेतलो. आता येतात, पण फक्त चहा घेतात, तोही आईने त्यांच्यासमोर उकळला तर, आणि आधी आई दोन घोट प्यायली तरच.