भुकेचं इंजेक्शन अन् १२० वर्षं आयुष्य? थांबा नं भाऊ जरा

चार दिवसांपासून आमच्या अंबाझरीच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, तोच मग नातेवाइकांच्या ग्रुपवर, तोच सोसायटीच्या. त्यात काय तर भुकेच्या हार्मोनची जीन थेरपी (म्हणजे अंगातल्या पेशींत नवा जीन घालायचा उपचार) निघाली, एकदाच टोचायचं, जन्मभर भूक आटोक्यात, साइड इफेक्ट झिरो, उंदीर डबल जगले, माणूस १२० वर्षं ठणठणीत, अन् पुढच्या वर्षी आपल्या नागपुरात! माझं मेडिकल आहे (दुकान हो, मेडिकल कॉलेज नाही), काल काउंटरवर एका काकूंनी विचारलंच, "भाऊ, बुकिंग घेता का?" म्हणून लिहून राहिलो.

आधी उंदीर. ह्याच्या जवळ जाणारा खरा प्रयोग २०१२ चा आहे, एफजीएफ-२१ नावाच्या हार्मोनचा. उपास पडला की लिव्हर हा हार्मोन सोडतं. शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या अंगात तो जन्मापासूनच भरपूर. ते साधारण ३६ टक्के जास्त जगले, डबल नाही. अन् गंमत पहा, त्यांचं खाणं कमी झालंच नव्हतं! म्हणजे भूक मारून आयुष्य वाढलं हे ह्यातून निघतच नाही. वरून ते उंदीर आकारानं लहान राहिले अन् माद्यांना पिल्लं होईनात, हे मेसेजवाल्यानं काहून नाही लिहिलं? कमी खाऊन माकडं किती जगतात ह्याचेही अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले, २००९ मध्ये एकानं फायदा दाखवला, २०१२ मध्ये दुसऱ्यानं आयुष्य वाढत नाही म्हणून सांगितलं.

मग मेसेजमधला "ओझेम्पिकनं सिद्धच झालंय" हा मुद्दा, ओझेम्पिक म्हणजे शुगर अन् वजनासाठी टोचतात ते इंजेक्शन. त्या औषधानं, म्हणजे सेमाग्लुटाइडनं, फायदा होतो, मी नाही म्हणतच नाही. २०२३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये १७,६०४ माणसं होती, हार्ट अटॅक, स्ट्रोक अन् हृदयविकाराचे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. पण हे २० टक्के कशातले, तर औषध न घेणाऱ्यांत शंभरातल्या आठ जणांना त्रास झाला, घेणाऱ्यांत साडेसहा. अन् ही सगळी मंडळी पंचेचाळिशीच्या पुढची, वजन जास्त अन् आधीच हृदयाचे किंवा रक्तवाहिन्यांचे पेशंट. धडधाकट माणूस १२० गाठतो हे त्यात कुठं आलं?

आता माझ्या मते सगळ्यात डेंजर वाक्य, "एकदाच टोचा, जन्मभर". आपण तर्री पोहा खाल्ला की आतड्यातून जीएलपी-१ नावाचा हार्मोन सुटतो, मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतो, अन् दोनेक मिनिटांत अर्धा मोडूनही जातो. शरीरानं तो नळ उघडझाप करायलाच ठेवला आहे. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल, पण आठवडाभर टिकणारी, म्हणून कोणाला मळमळतं, कोणाला उलट्या. पण त्यांचा डॉक्टर डोस कमी करतो, नाहीतर बंद, अन् काही आठवड्यांत औषध अंगातून निघून जातं. जीन थेरपीत बहुतेक वेळा निरुपद्रवी केलेल्या व्हायरसवर बसवून जीन पेशीत पाठवतात, ते एकदा आत गेलं की परत काढता येत नाही. डोस कमी पडला तरी वांधे, कारण शरीर त्या व्हायरसविरुद्ध अँटिबॉडी तयार करून बसतं, दुसऱ्यांदा टोचून उपयोग नाही.

अन् बाप्पा, भूक म्हणजे काय शत्रू आहे का? सत्तरीतल्या माणसाचं जेवण कमी झालं की घरचे घाबरतात. सेमाग्लुटाइडच्याच एका ट्रायलमध्ये ज्यांचं अंग मशीनवर मोजलं त्यांच्या घटलेल्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास चरबी सोडून बाकीचं होतं, त्यात स्नायू आले. तरुणपणी टोचून घेतलेली "भूक बंद" म्हातारपणी, टायफॉइडमध्ये, गरोदरपणात कोण चालू करून देणार?

जीएलपी-१ च्या जीन थेरपीचे प्राण्यांवर प्रयोग झालेत हे खरं, पण ते शुगर अन् वजनासाठी. आयुष्य वाढवायचं इंजेक्शन म्हणून कुठंच मंजुरी नाही, पुढच्या वर्षी नागपुरात येईल कुठून?

येथे जीन थेरपीची खरी वाट पाहावी तर ती सिकलसेलवाल्यांनी (रक्ताचा आनुवंशिक आजार). विदर्भात ह्या आजाराचे किती पेशंट आहेत हे येथल्या माणसाला सांगायला नको. त्याच्या दोन थेरपींना अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, किंमत तेव्हा २२ लाख डॉलरपासून पुढं. अन् माझ्या काउंटरवर सिकलसेलची पोरं आजही हायड्रॉक्सीयुरिया अन् फॉलिक ॲसिडच्या गोळ्याच नेऊन राहिली आहेत.

काकूंना बुकिंग नाही म्हणून सांगितलं. मग विचारलं, बीपीची गोळी मागच्या महिन्यात नेली नाही का? म्हणे, राहूनच गेली. दिली बांधून.