घरशाळेची पत्र्याची ट्रंक

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका ताईंचा मेसेज आला. मुलगा सात वर्षांचा. “तुम्ही मुलांना घरीच शिकवता असं कळलं. महिन्याला किती खर्च येतो? आमच्यासारख्यांना परवडेल का?” उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं. म्हटलं, इथेच टाकावं. हाच प्रश्न अजून कुणाच्या तरी मनात असणार.

आधी आमचं सांगते. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. आम्ही कोल्हापूरचे. नवरा इथल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर टर्नर आहे, मी दुपारी एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात अर्धवेळ जाते. थोरली दुसरीत असताना तिच्या पोटात रोज सकाळी दुखायचं. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. रविवारी मात्र दुखायचं नाही. शाळेत दोनदा जाऊन बोललो. “नाटकं करते” यापलीकडे काही ऐकायला मिळालं नाही. तिसरीला तिला घातलीच नाही.

घरात आण्णा, म्हणजे माझे सासरे, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “शाहू महाराजांनी पोरगं शाळंला न धाडणाऱ्याला म्हैन्याला रुपाया दंड लावला हुता. त्या गावात तू पोरीला घरात बसीवणार?” ते वाक्य मला आजही टोचतं, आणि टोचलंच पाहिजे. १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, म्हणून तर आण्णांचे वडील अक्षरं शिकले. शाळा नको असं माझं म्हणणं कधीच नव्हतं आणि नाही. माझ्या मुलीला त्या वर्षी ती शाळा सोसत नव्हती, एवढंच. आण्णांच्या त्या रुपयाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

पहिल्या वर्षी भीतीपोटी मी एकच मोठी चूक केली, ती खरेदीची. आपण काही कमी पडू नये म्हणून एका कंपनीचा सहा महिन्यांचा ‘लर्निंग बॉक्स’ घेतला. नऊ हजार रुपये. आमच्या घरात ती लहान रक्कम नाही. दर महिन्याला रंगीत खोका यायचा. आत कापून, भोकं पाडून तयार तुकडे आणि पायरी-पायरीची चित्रं. पोरगी वीस मिनिटांत जोडायची, एकदा फिरवून बघायची आणि विचारायची, “आता काय करू?” तिसऱ्या महिन्यात एका चाकाचा दात तुटला. सुटा भाग मिळत नाही म्हणाले. खोका माळ्यावर गेला. त्या खोक्यात तिनं ठरवावं असं काहीच शिल्लक ठेवलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

महागड्या साहित्याचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ बोर्डी या खेड्यात गेल्या, तेव्हा माँटेसरी पद्धतीचं साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. त्यांनी शंख, शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मोजायचं त्यावर, लावायचं त्यावर, लहान-मोठं ओळखायचं त्यावर. आपल्याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही मुलांच्या कृतीवर आणि परिसरावर भर देत. एवढं सगळं आपल्या भाषेत, आपल्या मातीत होऊन गेलेलं असताना मी परराज्यातून खोके मागवत होते.

मग काय वापरतो आम्ही? सगळ्यात पहिलं नाव काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी. अरविंद गुप्तांचं काम ज्यांना माहीत नाही त्यांनी आज रात्रीच बघा. आयआयटी कानपूरला शिकलेला, टेल्कोत नोकरी केलेला हा इंजिनिअर आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत आला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर खेळण्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं फुकट आहेत, मराठीतसुद्धा भरपूर. व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, त्यात काड्या खुपसायच्या. काडीचं गुल आधी खरवडून टाका, हे विसरू नका. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच लोळतो. त्याला कर्णाची काडी घातली की उभा राहतो. एवढं झालं आणि दुसऱ्या दिवशी पोरगी बाबांबरोबर उद्यमनगरात गेली. शेडच्या छताकडे बघून ओरडली, “बाबा, वर सगळे त्रिकोणच आहेत!” नऊ हजारांच्या खोक्यात हे वाक्य नव्हतं.

उद्यमनगराचं निघालंच आहे तर अपूर्णांकांचं सांगते. शाळेत पोळीचे तुकडे करून शिकवतात, तिला ते कधी पटलं नाही. कारखान्यात अजूनही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत अर्धा. बाबांनी एक जुना मेजरिंग टेप दिला आणि सांगितलं, घरातल्या प्रत्येक फळीची जाडी सुतात लिही. आठवड्यात तीन सूत आणि पाव इंच यांची बेरीज ती बोटावर करायला लागली. पाच सूत. छेद समान करणं म्हणतात ते हेच, हे तिला मी नंतर सांगितलं. तुमच्या घरात कुणी शिवणकाम करत असेल, सुतार असेल, दूध मापून घालत असेल, तर तुमच्याकडे गणिताचं साहित्य आधीच आहे.

पावसाळ्यात आमची शाळा पंचगंगेवर चालते. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज पेपरात येते. भिंतीवर पाठकोरे कागद चिकटवून आलेख काढलाय. ३९ फुटांवर पिवळी रेघ, इशारा पातळी. ४३ वर लाल, धोका पातळी. रोज एक ठिपका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमीत येतं, एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे काय ते पोरांना कळेना, म्हणून पुठ्ठ्याचा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच खोका केला. आत प्लास्टिकची पिशवी लावून तांब्यानं मोजून पाणी भरलं. अठ्ठावीस लिटरच्या वर गेलं. धाकट्यानं विचारलं, “असे किती खोके?” सेकंदाला १४२८. म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. तो बराच वेळ गप्प बसला होता. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या गप्प बसण्याचा अर्थ कळेल.

याच नदीचा नकाशा शाडूत केला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीनंतर माती स्वस्तात मिळते, आणि नीट विचारलं तर ती कशी मळायची तेही दाखवतात. पश्चिमेला सह्याद्री उंच, पूर्वेला उतार. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती काडीनं कोरल्या. डोंगरावर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते आपोआप प्रयाग चिखलीशी गोळा होऊन नृसिंहवाडीकडे निघालं. पहिल्यांदा आमचं पाणी भलत्याच दिशेला गेलं होतं, उतार चुकला होता. दोघांनी भांडून दुरुस्त केला. ती दुपार मी विसरणार नाही.

आणि किरणोत्सव. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण याच तारखा का? आम्ही गच्चीवरून पश्चिमेच्या क्षितिजाचं चित्र काढलं, टाक्या, झाडं, टॉवर सगळं. दर रविवारी सूर्य कुठे मावळला तिथे खूण. २१ डिसेंबरच्या आसपासपर्यंत खुणा डावीकडे, दक्षिणेकडे सरकत गेल्या, मग थांबल्या आणि परत फिरल्या. २१ डिसेंबरपासून दोन्हीकडे दिवस मोजले तर एकेचाळीस-बेचाळीस भरतात. जाताना सूर्य जिथे मावळतो, येतानाही तिथेच. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनीही असंच आकाश बघितलं असेल, असं मुलगी म्हणाली. खर्च: एक पेन्सिल. वेळ: चार महिने. तेवढा धीर मात्र लागतो, आणि तो कुठल्या खोक्यात घालून देता येत नाही.

पुस्तकांचं थोडक्यात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, पण रद्दीवाल्याकडून जुनी छापील घ्या, मोबाइलवर मूल फार वाचत नाही. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही बालभारतीनं मोफत ठेवलेत. आम्ही त्यातल्या गोष्टींच्या प्रिंट काढून दोऱ्यानं शिवतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, मुक्त परवान्याच्या, त्यामुळे छापून वाटल्या तरी चालतात आणि मुलांना त्यांची चित्रं वापरून स्वतःची गोष्टही करता येते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे. त्याचं सभासद न होता ऑनलाइन पुस्तकं मागवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, एकदा जाऊन या. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन काळातली कांस्यमूर्ती आहे, ओंजळीत मावेल एवढी. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठावर हा परका देव कसा आला? आमचा रोमन व्यापाराचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नातून सुरू झाला.

काही गोष्टींत मात्र काटकसर करू नका. कात्री चांगली घ्या. बोथट कात्रीनं मुलाला वाटतं आपल्याला कापता येत नाही. खडू-रंग थोडे घ्या पण न तुटणारे घ्या. छापखान्यातल्या कटिंगच्या पट्ट्या आणि पाठकोरे कागद भरपूर ठेवा, म्हणजे मूल कागद वाया घालवायला घाबरत नाही. गेल्या वर्षी आमचा साहित्याचा सगळा खर्च दोन हजार आठशे रुपये झाला, वहीत लिहिलेला आहे. त्यात लायब्ररीही आली.

पण त्या ताईंना मी एवढंच सांगून गप्प बसले तर ते खोटं होईल. घरशाळेत महाग पडतो तो मोठ्या माणसाचा वेळ. मी पूर्णवेळ नोकरी सोडली, तेव्हा घरात दर महिन्याला अकरा हजार कमी यायला लागले. सकाळी जाऊबाई दोन तास बसतात म्हणून आमचं निभतं. घरात असा हात नसेल, दोघंही बाहेर असाल, तर मुलाला चांगल्या शाळेत ठेवून संध्याकाळी हे सगळं करा. काडेपेटी शाळेत जाणाऱ्या मुलालाही तेवढीच उपयोगी पडते. आणि कायद्याचं नीट समजून घ्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा, असं कलम नाही. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या मूलभूत शिक्षणात ए, बी, सी पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. दहावीला मुलाचं वय किमान १४ लागतं.

आता आण्णांचा रुपया. महाराजांनी तो दंड लावला, कारण शिक्षण एका घरात, एका जातीत कोंडून राहायला नको होतं. मग मी माझ्या दोन मुलांपुरती प्रयोगशाळा करून दार लावून घेतलं तर तो दंड मला लागू होतो, असं मला मनापासून वाटतं. म्हणून दीड वर्षापूर्वी आम्ही चार घरांनी मिळून एक पत्र्याची ट्रंक केली. आण्णांचीच, मिलिटरीतली, हिरवी. तिच्यात वजनकाटा, भिंगं, चुंबकं, घड्या घालून करायचा फोल्डस्कोप नावाचा कागदी मायक्रोस्कोप, दोन टेप, नकाशे, शिवलेली पुस्तकं. फोल्डस्कोप एकट्याला महाग वाटतो, चौघांत घेतला तर काही वाटत नाही, आणि रंकाळ्याच्या पाण्याचा एक थेंब त्याच्याखाली तासभर पुरतो. ट्रंक महिनाभर एका घरी राहते. ज्या घरी असते, तिथे दर रविवारी सकाळी दार उघडं. गल्लीतली महापालिकेच्या शाळेतली पोरं येतात. मागच्या रविवारी सतरा होती. माझ्या मुलीला सूत येतं म्हणून ती शिकवते, आणि सातवीतला एक मुलगा तिला वडिलांच्या चपलेच्या दुकानातून चामड्याचे तुकडे आणून शिवण शिकवतो. आण्णा दारात खुर्ची टाकून बसतात. कोण आलं, कोण नाही, हजेरी तेच लावतात.

इचलकरंजीच्या ताई, तुमच्याकडे यंत्रमाग आहेत. उभा धागा, आडवा धागा, किती इंचात किती, याहून मोठं गणित मी तुम्हाला काय देणार? तीन घरं शोधा आणि एक ट्रंक.

पुढच्या महिन्यात आमची ट्रंक कदमवाडीत जाणार आहे. व्हॉल्व्ह ट्यूब संपली आहे, हल्ली सायकलच्या दुकानात सहज मिळत नाही. कुणाच्या गल्लीत जुना सायकलवाला असेल आणि त्याच्याकडे असेल, तर कृपया कॉमेंटमध्ये सांगा. पाच-सहा मीटर तरी लागेल.