संगणक आपला, पण पहारा कुणासाठी?

ओटीटीवर चालू असलेल्या सिनेमाचा स्क्रीनशॉट घेऊन बघा. बहुतेक वेळा हातात काळा चौकोन येतो. हे एकट्या ॲपचं काम नाही, ऑपरेटिंग सिस्टिम त्याला सामील असते. पैसे मोजून घेतलेला संगणक कंपनीच्या सांगण्यावरून आपल्यापासूनच काहीतरी लपवतो, आणि याची आपल्याला इतकी सवय झालीय की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. मला वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ही व्यवस्था पूर्ण ताकदीनिशी आली ती विंडोज व्हिस्टामध्ये, जानेवारी 2007 मध्ये. ब्लू-रे आणि एचडी-डीव्हीडी या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्क नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि चित्र डिस्कपासून पडद्यापर्यंत कुठेही उघडं पडता कामा नये, अशी स्टुडिओंची अट होती. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने प्रोटेक्टेड मीडिया पाथ बांधला. संरक्षित व्हिडिओ वेगळ्या, बंदिस्त प्रोसेसमध्ये चालणार, त्यात फक्त डिजिटल सही असलेले, म्हणजे मान्यता मिळालेले, सॉफ्टवेअरचे घटक येणार, आणि पडदा विश्वासू नसेल तर चित्राचा दर्जा मुद्दाम उतरवायचा किंवा चित्र बंदच करायचं. ऑकलंड विद्यापीठातले पीटर गटमन यांनी डिसेंबर 2006 मध्येच याचा खर्च मांडून दाखवला होता: ड्रायव्हर (म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारे, सहसा हार्डवेअर हाताळणारे छोटे प्रोग्राम) लिहिणाऱ्यांच्या डोक्यावरचा बोजा, महागणारं हार्डवेअर, आणि या सगळ्याची किंमत शेवटी ग्राहकाच्या खिशातून. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की संरक्षित सिनेमा लावला तरच हे सगळं जागं होतं. गटमन यांचे काही तांत्रिक दावे वादग्रस्त ठरले हेही खरं. पण ऑपरेटिंग सिस्टिमने मालकावरच पाळत का ठेवावी, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

आता एक उदाहरण, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. विंडोज एक्सपीसोबत secdrv.sys नावाचा ड्रायव्हर यायचा. तो मॅक्रोव्हिजन या कंपनीचा, सेफडिस्क या कॉपी अडवणाऱ्या कुलपासाठी. गेमची सीडी अस्सल आहे की कॉपी, हे तपासणं एवढंच त्याचं काम. तुम्ही आयुष्यात एकही गेम खेळला नसेल तरी तो तुमच्या एक्सपीत बसलेला असायचा. 2007 मध्ये त्यात भोक सापडलं: साध्या युजरला त्यातून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येत होता, आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापरही झाला. पुढे 2015 मध्ये विंडोज 10 ने हा ड्रायव्हर घेतलाच नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या सुरक्षा अपडेटने जुन्या आवृत्त्यांमध्येही तो बंद पडला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण परिणाम काय झाला? दुकानातून पावतीसह घेतलेली अस्सल डिस्क नव्या विंडोजवर सुरू होईना. ज्याने लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून क्रॅक केलेली कॉपी उचलली होती, त्याला मात्र या ड्रायव्हरची गरजच नव्हती.

आणि हे फक्त जुन्या गेमचं दुखणं नाही. 4के ब्लू-रे डिस्क संगणकावर रीतसर बघायची तर इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सोय (प्रोसेसरमधला बाकी प्रोग्रामना बंद असलेला कप्पा) लागायची. एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असणाऱ्यांसाठी दार पहिल्यापासूनच बंद. मग इंटेलने 11व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्स काढायला घेतलं. म्हणजे नवा, जास्त ताकदीचा संगणक घ्या, आणि कपाटातली विकत घेतलेली डिस्क त्यावर लावता येणार नाही. डिस्कला ओरखडा नाही, ड्राइव्ह ठणठणीत, तरी सिनेमा बंद.

आमच्या चित्रपट मंडळात हे अगदी जवळून बघितलंय. डिस्क पैसे भरून आणलेली, प्रदर्शनाची परवानगीही घेतलेली. प्रोजेक्टर देणगीतून मिळालेला, जुना. एचडीएमआयचं सॉकेट आहे पण एचडीसीपी, म्हणजे केबलमधून जाणारं चित्र कुलूपबंद ठेवणारी सोय, नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर सिनेमा व्यवस्थित दिसत होता. केबल जोडली की प्लेअर सूचना दाखवायचा आणि चित्र गायब व्हायचं. केबल काढली की सिनेमा परत हजर. चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसून, ज्येष्ठ नागरिकच जास्त. बरं, हे एचडीसीपी नक्की कुणाला अडवतं? त्याची मास्टर की 2010 मध्येच इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. कॉपी करणाऱ्याला अडसर उरलेला नाही. अडला तो आमचा प्रोजेक्टर.

कलाकाराला, तंत्रज्ञाला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात टेलिग्रामवर येतो तेव्हा मलाही संताप येतो. पण त्या फाइलला कुठलंच कुलूप नसतं. कुलूप फक्त पैसे देणाऱ्याच्या वाट्याला येतं.

आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा समजूतदार आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. तिकडच्या 1998 च्या कायद्यात कुलूप तोडणं हाच मुळात गुन्हा, आणि दर तीन वर्षांनी अपवाद मागत बसायचं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ हक्कभंगाचा हेतू बघतं. कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई नाही अशा कामासाठी कुलूप काढता येतं. दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने नाव-पत्त्याची नोंद ठेवायची, एवढी अट. म्हणजे कायदा वाट ठेवतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम ती ठेवत नाही. तिला हेतू कळत नाही, ती सगळ्यांनाच चोर धरून चालते.

माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी कंपनी एखाद्या संरक्षणाचा आधार काढून घेईल, त्या दिवशी तिने ग्राहकाला कुलपाची किल्ली द्यावी, आणि हे ग्राहक संरक्षणाच्या नियमांत लिहिलेलं असावं. संगणकाच्या खोक्यावर रॅम आणि हार्डडिस्क छापता, तसं त्यावर कुठल्या प्रकारची डिस्क चालणार नाही, हेही छापा. ग्रंथालयं, चित्रपट मंडळं, शाळा चालवणाऱ्यांनी आपापले अनुभव तारखेसह, पावतीसह लिहून ठेवावेत. कमेंटमध्ये लिहिलेत तर मी ते एकत्र करून ग्राहक पंचायतीकडे घेऊन जाईन.