दोन वासिली, दोन दिमित्री आणि मसाल्याचा डबा

मॉस्कोच्या राजघराण्याची भाऊबंदकी वाचायला घेतली आणि तीन रात्री एकाच पानावर अडकलो. त्या पानावर दोन वासिली, दोन दिमित्री, आणि दोन्ही दिमित्री सख्खे भाऊ. एकाच बापाने दोन पोरांचं नाव दिमित्री ठेवलेलं! आईने ‘दिम्या, जेवायला ये’ अशी हाक मारली की ताटं किती मांडायची?

रविवारी सकाळी मी खड्या मसाल्याचा डबा घेऊन टेबलाशी बसलो. दोन्ही वासिलींना वेलच्या केलं. गादीवरचा वासिली दुसरा ही मोठी काळी, आणि त्याचा चुलतभाऊ वासिली कसोय, म्हणजे तिरळा, ही हिरवी. दिमित्री शेम्याका लवंग. धाकटा दिमित्री क्रास्नी, म्हणजे देखणा, साहजिकच चक्रीफूल. तिरळ्याचा आणि या दोन्ही दिमित्रींचा बाप, म्हणजे वासिली दुसऱ्याचा काका यूरी, तमालपत्र. वासिली दुसऱ्याची आई, राजमाता सोफिया, हिला जायफळाखेरीज काही शोभेना. मॉस्को म्हणून स्टीलची वाटी.

भांडण काही आपल्याला नवीन नाही. 1425 साली यूरीचा थोरला भाऊ, म्हणजे मॉस्कोचा राजा, वारला, तेव्हा त्याचा मुलगा वासिली दुसरा जेमतेम दहा वर्षांचा. काका म्हणाला, वडिलांनी मृत्युपत्रात थोरल्यानंतर माझं नाव घातलंय. पुतण्याकडचे म्हणाले, तेव्हा आमचा वासिली जन्माला तरी आला होता का? सातबाऱ्यावर नाव चढवणारे तलाठी त्या काळी तातारांचे खान. दोघेही तिकडे गेले आणि 1432 मध्ये खानाने पुतण्याच्या नावाने फर्मान दिलं.

मग लग्न आलं, फेब्रुवारी 1433. नवरदेव वासिली दुसरा. तिरळा वासिली सोन्याचा कमरपट्टा बांधून मिरवत होता. कुणीतरी सोफियाच्या कानाला लागलं, ‘अहो, हा पट्टा तुमच्या सासऱ्यांच्या लग्नातला! तेव्हाच कुणीतरी बदलला होता.’ सासरे म्हणजे दिमित्री दोन्स्कोय. हो, आणखी एक दिमित्री. त्याच्यासाठी डब्यात काही उरलं नव्हतं. जायफळ उठलं आणि भर लग्नात पाहुण्याच्या कमरेचा पट्टा ओढून काढला. मी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर हिरव्या वेलचीवरून सोडवलं. आमच्याकडे मानपानावरून असं झालं तर फार तर दहा वर्षं येणं-जाणं बंद होतं. यांनी वीस वर्षं लढाया केल्या.

काकाने मॉस्को घेतलं, पुतण्याला कोलोम्ना शहर दिलं. मी काळी वेलची बशीत ठेवली. तर मॉस्कोतले सरदार-कारभारी एकेक करून कोलोम्न्याला निघाले आणि तमालपत्र वाटीत एकटं पडलं. बिचाऱ्याने गादी परत केली. पुढच्या वर्षी पुन्हा घेतली आणि थोड्याच दिवसांत वारला. तिरळ्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं, तर दोन्ही सख्खे दिमित्री त्याच्यावर उलटले. 1436 मध्ये वासिली दुसऱ्याने तिरळ्याला आंधळं केलं. मी हिरवी वेलची फोडली. बरोबर दहा वर्षांनी शेम्याकाने वासिली दुसऱ्याचे डोळे काढवले. काळी फोडताना मात्र जरा कसंतरीच झालं. पण तो आंधळा माणूस वर्षभरात मॉस्कोला परतला आणि 1462 पर्यंत राज्य करून गेला! शेम्याका पळून नोवगोरोद शहरात, म्हणजे मिठाच्या बरणीमागे.

एवढ्यात बेल वाजली. गॅसचा सिलेंडर. सुटे पैसे शोधण्यात दहा मिनिटं गेली. परत आलो तर टेबल पुसून लख्ख.

“इथलं सगळं कुठे गेलं?”

“मसालेभातात. वेलच्या फोडून ठेवल्यास, बरं केलंस. एक लवंग बरणीमागे लपली होती, तीसुद्धा सापडली.”

“आणि जायफळ?”

“डब्यात ठेवलं परत. भातात कोण घालतं जायफळ?”

उरलेलं पान मी जेवताना वाचलं. 1453, नोवगोरोद. शेम्याकाचा स्वयंपाकी फितवला गेला आणि कोंबडीतून विष घातलं, असं रशियन बखरी म्हणतात. पुढचा घास घेतला आणि शेम्याका कचकन दाताखाली आला.

“काय झालं?”

“काही नाही. लवंग.”

“मग बाजूला काढून ठेव ना ताटात.”