पाहुणीला कामाला लावा

काचेच्या ग्लासाच्या तळाला गेल्या वर्षीचं मेण चिकटून बसलं असेल तर ग्लास आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचे. सकाळी सुरीचं टोक लावलं की मेणाची अख्खी चकती टक्कन सुटून येते. मग साबणाच्या कोमट पाण्यात बोट घालून कडेची काजळी काढायची. हे मला 2018च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या ल्यों शहरात एका सत्तरीच्या बाईंनी शिकवलं. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायचे. त्यांना मी मादाम म्हणायचे, इथंही तेच म्हणते.

हे आज आठवलं, कारण कोल्हापुरातल्या दोन मुली यंदा तिकडं भाषा-सहायक म्हणून चालल्यात आणि "ताई, काय काय नेऊ?" म्हणून विचारतायत. कांदा-लसूण मसाला न्या, थंडीचं जॅकेट तिथंच घ्या, एवढं सांगून झालं. पण जे खरं सांगायचंय ते मेसेजमध्ये मावत नाही.

काम कसलं, तर ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला 12 तास, तिथल्या शाळेत मुलांकडून इंग्रजी बोलून घ्यायचं. मुख्य शिक्षक वेगळे असतात. ते अर्धा वर्ग आपल्याकडं देतात. मी फ्रेंच शिकले पुण्यात, आणि वाटायचं की भाषा येते म्हणजे माणसं मिळतील. तसं होत नाही. 12 तास संपले की उरलेला आठवडा आपला एकटीचा. पहिला पगार हातात पडायला नोव्हेंबर उजाडला. 7 तारखेला लक्ष्मीपूजन होतं, बुधवार होता. मी खिडकीत एक मेणबत्ती लावली, आईला व्हिडिओ कॉल केला आणि नऊला झोपले.

पहिले दोन महिने मी ते शहर फोनमधून बघितलं. बाजार, चर्च, नदीवरचे पूल, सगळ्याचे फोटो. घरच्यांना वाटायचं, पोरगी मजेत आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मादामनी माळ्यावरून एक खोकं काढलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चाळीसेक छोटे ग्लास. काही पांढरे, काही लाल-निळे, कडेला उभ्या रेघा असलेले. त्यांच्या आईच्या वेळचेही त्यात होते. त्यांनी विचारलं, "आज संध्याकाळी मोकळी आहात का? मला हात लागतील." 8 डिसेंबरला ल्योंमध्ये घराघरांच्या खिडक्यांत हे दिवे लागतात. ल्युमिन्यों म्हणतात त्यांना.

ग्लास पुसता पुसता त्यांनी त्याची गोष्ट सांगितली आणि माझा हात थांबला. फुर्व्हिएर टेकडीवरच्या देवळावर मेरीमातेचा सोनेरी पुतळा बसवायचा होता. मुहूर्त ठरला 8 सप्टेंबर 1852. पण सोन नदीला पूर आला, मूर्तिकाराच्या कार्यशाळेत पाणी शिरलं, पुतळा वेळेत तयार झाला नाही. मग 8 डिसेंबर ठरला. त्या दिवशी वादळ. सोहळा पुढं ढकलायची तयारी झाली. संध्याकाळी आभाळ उघडलं आणि कुणी न सांगता लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून त्या लागतातच. आज 8 डिसेंबरच्या आसपास चार रात्री शहरभर मोठमोठे प्रकाशाचे खेळ होतात, जगभरातून माणसं येतात. पण 2015 साली पॅरिसच्या हल्ल्यानंतर तो सगळा सोहळा रद्द झाला, तेव्हाही खिडक्यांतले दिवे लागले.

पुरानं तारीख बदललेला सण! मी शुक्रवार पेठेतली. आमच्या घरात पुराची उंची भिंतीवर खडूनं लिहून ठेवतात. मी मादामना पंचगंगा सांगायला बसले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीचा संगम, त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाटाच्या पायऱ्यांवर लागणाऱ्या पणत्या. माझं फ्रेंच दोन महिन्यांत इतकं कधीच सुटलं नव्हतं. चुका होत होत्या, त्या सुधारत होत्या, हात साबणात होते.

शेवटचा ग्लास पालथा घातल्यावर त्या म्हणाल्या, आता आपण 'त्यू' म्हणूया. फ्रेंचमध्ये 'व्हू' म्हणजे आपलं तुम्ही आणि 'त्यू' म्हणजे तू. कुणाला कधी तू म्हणायचं हे पुस्तकातून येत नाही, ते समोरच्यानं द्यावं लागतं. मराठी माणसाला यातलं वजन लगेच कळतं. अहो-जाहो करणाऱ्या बाई एकदम अगं म्हणाल्या, त्या रात्री मला परक्या गावात झोप लागली.

आणखी एक गोष्ट त्या मुलींना सांगायलाच हवी. तिथं सरकारी शाळेत धर्म बाहेर ठेवायचा असतो. 1905 सालच्या कायद्यानं तिथं चर्च आणि सरकार वेगळं झालंय, आणि शिक्षकानं वर्गात आपल्या श्रद्धेचं प्रदर्शन करायचं नसतं. दिवाळी सांगा, पूजा करू नका, असं मला एका सहकारी शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मला ते लागलं होतं. पण हेच शिक्षक, देव न मानणारे, 8 डिसेंबरला खिडकीत दिवे लावतात. का, म्हटलं, तर म्हणाले, "आजी लावायची." मला ते उत्तर पटलं. आपल्याकडंही कितीतरी घरांत हेच उत्तर आहे, फक्त आपण ते बोलत नाही.

वर्गात मग मी किरणोत्सव सांगितला. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. पोरांनी फळ्यावर सूर्याचा कोन काढला आणि वर्षातून दोनदाच का, ते स्वतःच शोधलं. इंग्रजीचा तास होता, बोलायला सगळ्यांना काहीतरी होतं. आणि 2 फेब्रुवारीला तिथं शांदलर नावाचा सण. त्या दिवशी घरोघरी क्रेप करतात, आपल्या घावनासारखे पातळ. एका हातात नाणं धरायचं आणि दुसऱ्या हातानं तवा उडवून क्रेप उलटायचा, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो. गोल क्रेप म्हणजे परतणारा सूर्य, असंही म्हणतात. माझा पहिला खाली पडला, तिसरा जमला.

एप्रिलच्या शेवटी परत आले. ऑगस्ट 2019ला आमच्या घरात पाणी. मादामचा निरोप आला, "तुझी नदी कशी आहे?" तुझी नदी, असं म्हणाली ती.

आता माझं खरं म्हणणं. आपण कोल्हापूरकर पाहुणचारात कुणाला ऐकत नाही. तांबडा-पांढरा वाढू, पोट फुटेपर्यंत आग्रह करू, निघताना पिशवीत गूळ घालू. पण त्याला काडीचं काम करू देणार नाही. ते आपल्याला प्रेम वाटतं, आणि ते प्रेम आहेच. तरी मी दुसऱ्या बाजूला बसून आलेय, म्हणून सांगते: ज्याला सणात काहीच काम नाही, तो ताट संपवून हात धुतो आणि खोलीवर एकटा जातो. आज आपल्या गावात किती बाहेरची माणसं आहेत! दवाखान्यातल्या नर्सेस, हॉटेलातली पोरं, इचलकरंजीच्या मागावरचे कामगार, विद्यापीठातले विद्यार्थी.

आमच्याच वरच्या खोलीत केरळची एक नर्स तीन वर्षं राहत होती. आई दर दिवाळीला फराळाचं ताट वर पाठवायची, वाटी परत यायची, संपलं. मी परत आले त्या वर्षी त्रिपुरारीच्या आदल्या रात्री मी तिला खाली बोलावलं. आई म्हणाली, "अहो सिस्टर, बसा की, तुम्ही कशाला हात लावताय?" मी आईला गप्प केलं. पणत्या रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, नाहीतर तेल पितात, हे दाखवायला गेले तर ते तिला आधीच ठाऊक होतं. वाती वळता वळता म्हणाली, आमच्याकडंही वृश्चिक महिन्यात कृत्तिका नक्षत्राला अंगणात ओळीनं असेच दिवे लावतात, त्रिक्कार्तिका म्हणतात. तीन वर्षं एका छपराखाली, आणि हे आम्हाला माहीत नव्हतं. आईची वात वळायची थांबली. मग म्हणाली, "अगं, मग वात जरा जाड वळ की, घाटावर वारं असतं."

यंदाही आमच्या गल्लीतली मंडळी त्रिपुरारीला पहाटे साडेतीनला निघणार आहेत. तुमच्या घरी, शेजारी, मेसमध्ये कुणी बाहेरगावचं असेल तर आदल्या रात्रीच बोलवा, पणत्या भिजवायच्या असतात. तेल आम्ही आणतोय. तुम्ही काड्यापेट्या घेऊन या, दवात भिजणार नाहीत अशा पिशवीत.