‘बाराखडी पाठ झाली की मूल वाचतं’? एवढं सोपं नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, बाराखडी घोकली की मूल आपोआप वाचतं, आवाज आणि अक्षरांची सांगड घालून शिकवणं हे इंग्रजीचं खूळ.

‘जशी बोलतो तशीच लिहितो.’ बऱ्याच अंशी खरं, पण पुरतं नाही. नुकती अक्षरं ओळखू लागलेलं मूल ‘सरबत’ हा शब्द स-र-ब-त असा चारही अक्षरांवर सारखा जोर देत वाचतं आणि कोऱ्या चेहऱ्यानं बघतं. घरी ते ‘सर्बत’ पितं ना! ‘गवत’मधला व मात्र पूर्ण. कुठला अ गिळायचा, हे कागदावर दिसत नाही. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च लिहायला एकच, तोंडात दोन. ‘पंख’, ‘चंदन’, ‘आंबा’: टिंब एक, आवाज तीन. ‘सिंह’ तर विचारूच नका. घरी मराठी बोलणारं मूल यातलं बरंच अंदाजानं सावरून घेतं, कारण शब्द कानावरून गेलेला असतो. ज्याच्या घरी पावरी किंवा गोंडी बोलतात, त्याला हा टेकू नसतो.

‘बाराखडी घोकली की झालं.’ 34 व्यंजनं गुणिले 12, म्हणजे 408 अक्षरं, जोडाक्षरं वेगळीच. 2009च्या शासन निर्णयानं वर्णमालेत ॲ, ऑ आले ते आणखी वर. चालीवर ‘क का कि की’ धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मधलंच ‘कु’ दाखवा. ते ओठांतल्या ओठांत पुन्हा ‘क’पासून सुरू करतं. चाल पाठ झालेली असते, उकाराची खूण नाही. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ‘दिवा’ वाचताना हे कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं. त्याउलट म, क, र, न आणि काना एवढाच अक्षरगट घेतला तरी काम, नाक, कान, रान, मका, कमान हाताशी येतात. ‘ज्ञ’ची वाट बघत बसायला नको.

‘इंग्रजीचं खूळ.’ इंग्रजीचा आराखडा जसाच्या तसा उचलू नये, हे मान्य. पण कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच आहे, आणि सोनाली नाग यांच्या 2007मधल्या अभ्यासात कन्नड शिकणाऱ्या मुलांची अक्षरओळख चौथीपर्यंत चालूच होती. मग ‘आपोआप’ आलं कुठून? चौथीतल्या मुलापुढे ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ लिहून ठेवा. यातला फरक कुणी शिकवला नसेल, तर ते गुरुजी आणि स्वयंपाकी दोघांनाही एकाच पंगतीत बसवेल.