गोव्याचा अनुशेष कोण काढणार?

परवा संध्याकाळी सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या स्टँडवर शेजारच्या वाड्यावरची काकी भेटली. डोळे दाखवायला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलेली, पहाटे पाचला घर सोडलेलं. गावची शेवटची गाडी चुकलेली. "मास्तर, स्कूटरीवरून पोचवाल?" पोचवलं.

काकीकडे गॅस, नळ, टीव्ही, बँकेत खातं, सगळं आहे. नीती आयोगाच्या हिशेबात ती गरीब नाही. २०२३ च्या अहवालात गोव्यातले बहुआयामी गरीब, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांत मागे असलेले, एक टक्क्याहून कमी. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो नाचवून 'आमच्याकडे प्रश्नच उरला नाही' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

अशा वेळी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आठवतात. साताऱ्याचा माणूस, मूळचा संख्याशास्त्रातला. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून त्यांनी आणि नीळकंठ रथांनी १९७१ साली हिशेब मांडला: दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च किती जणांना झेपत नाही? खेड्यात सुमारे ४० टक्के, शहरात ५०. गरिबी कॅलरीत मोजणं मला पटत नाही, पण वाद घालायला आकडा तरी हातात आला.

त्यांचं नंतरचं काम मात्र मला जास्त मोलाचं वाटतं. १९८४ साली त्यांच्या समितीने महाराष्ट्राचा अनुशेष काढला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पाणी, एकेका बाबतीत राज्याची सरासरी धरायची आणि कुठला जिल्हा तिच्या किती खाली आहे ते रुपयांत मांडायचं. बेरीज आली ३१८६ कोटी. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त 'उर्वरित महाराष्ट्रा'चा, म्हणजे विदर्भ-मराठवाडा सोडून बाकीच्या भागाचा निघाला! त्यात कोकणही होतं, आपल्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडचं. (सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, पण 'अनुशेष' हा शब्द तिथल्या राजकारणाला कायमचा चिकटला.)

आपली, गोव्याची सरासरी म्हणजे तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे पुढारलेले तालुके. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा त्यांच्या सावलीत. "एवढंसं राज्य, त्यात कसला अनुशेष?" असं एक स्नेही म्हणाले. अहो, एवढंसं आहे म्हणून तर पंचायतवार काढता येईल! संध्याकाळी सातनंतर किती गावांत बस जाते? डोळ्यांचा डॉक्टर किती तासांवर? अकरावीला सायन्स घ्यायचं तर मुलीने कुठवर जायचं?

काकीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. परतीच्या स्कूटरीचं तिने आताच सांगून ठेवलंय.